पारसनिसांचे रुमाल आणि टोकरखाड्याचा प्रश्न

गावाचा इतिहास कोठे असतो, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो, की देवळाच्या शिलालेखात, वेशीच्या दगडात किंवा जाणत्या माणसांच्या तोंडी. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. इतिहासाचा बराचसा ऐवज कागदावर असतो, आणि तो कागद बहुधा त्या गावात नसतो. कोणा कारभाऱ्याच्या वाड्यात, एखाद्या सावकाराच्या पेटीत, नाही तर दूरच्या सरकारी दफ्तरात तो पडून राहतो. तो कोणी उचलला, जपला आणि छापला, तर गावाला बोलता येते.

हा विचार पुन्हा मनात येण्यास निमित्त झाले ते सिल्वाशातील टोकरखाडा या वस्तीचे. बडोद्याहून मुंबईची गाडी धरून वापीस उतरले, की थोड्याच अंतरावर दमणगंगेच्या काठचे हे शहर लागते. तिकडची माणसे त्याला सेलवास म्हणतात. टोकरखाड्यात सरकारी शाळा आहे आणि त्या बाजूस मराठी घरेही आहेत. एका स्नेह्यांच्या घरी चहा चालला असता त्यांच्या मुलाने वही पुढे केली. "काका, गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितलाय. कुठल्या पुस्तकात मिळेल?"

त्याला मी सांगितले, की बाळ, तुझ्या गावाचे कागद एका गावात नाहीत. पेशव्यांच्या सनदांचा धागा पुण्याच्या दफ्तराकडे जातो. पोर्तुगीज अंमलाचे कागद गोव्याकडे आणि पुढे लिस्बनकडे जातात. आणि एक मोठा अध्याय हॉलंडातील हेग शहरी लिहिला गेला आहे. मुलगा हसला. त्याला वाटले, काका थट्टा करीत आहेत. पण ही थट्टा नव्हती.

हकीकत अशी. १७७९ मध्ये पुण्याचे पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्या तहान्वये वर्षास १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे ठरले, आणि १७८३ व १७८५ या सालांच्या सनदांनी नगरहवेलीकडील गावे त्यांच्याकडे गेली. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले, तरी पोर्तुगीज तेथेच राहिले. १८८५ मध्ये त्यांनी सिल्वाशाला शहराचा दर्जा देऊन ‘पासो द आर्कोस’ असे नावही ठेवले. लोकांच्या तोंडी मात्र ते रुळले नाही. १९५४ च्या जुलै अखेरीस दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्या स्वयंसेवकांत आपले सुधीर फडके होते आणि जुन्या कागदांवर जीव लावणारे बाबासाहेब पुरंदरेही होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. आपल्या मुलखातून या ठाण्यांकडे जाण्यायेण्याचा हक्क आम्हांस पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आता मौज पाहा. विसाव्या शतकाच्या मध्यावर, निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश अठराव्या शतकातील एका मराठी तहाचे पाठ पुढ्यात घेऊन बसले. मराठ्यांनी दिले ते काय दिले? मुलूख दिला, की मुलखाचा वसूल दिला? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की मराठ्यांनी दिली ती जहागीर अथवा सरंजाम या जातीची वसुलाची नेमणूक होती. सार्वभौम सत्ता दिली असे त्या कागदांच्या भाषेवरून ठरत नाही. सबंध निकाल या एकाच मुद्द्यावर लागला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. इंग्रजी अमदानीत पोर्तुगिजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य झाली होती, हेही न्यायालयाने नोंदले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रे यांचा नव्हता, आणि भारताने काही वावगे केले नाही, असा एकंदर निवाडा झाला. तथापि ‘सरंजाम’ हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या दफ्तरातील शब्द हेगपर्यंत गेला आणि तेथे त्याला किंमत आली, एवढे खरे. तो कागद वेळीच रद्दीत गेला असता तर?

सनदा आणि तहनामे राज्यकर्ते जपतात, कारण त्यांत त्यांचा स्वार्थ असतो. पण गावाच्या रोजच्या जगण्याचे कागद कोण जपणार? कोणत्या पेठेत कोण राहत होता, बाजार कोणत्या वारी भरे, हे लिहिलेल्या चिठ्ठ्या कोणाच्या कामाच्या? येथे मला साताऱ्याच्या रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनिसांची आठवण होते. १७७९ चा तह झाला तेव्हा पुण्याचा कारभार नाना फडणिसांच्या हाती होता, आणि नानांचे मेणवलीचे खाजगी दफ्तर पुढे ज्यांच्या हाती आले ते हेच पारसनीस.

पारसनीस १८७० साली जन्मले. ते कॉलेजात शिकवणारे पंडित नव्हते. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, १८८७ साली, त्यांनी साताऱ्यास ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक काढले, आणि तेथपासून नियतकालिकांचा नाद त्यांना आयुष्यभर पुरला. १८९४ साली झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे त्यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहास संग्रह’ चालविला आणि त्यातून अस्सल कागद महिन्यामागून महिना वाचकांच्या घरी पोहोचविले. दिल्ली दरबारी असलेल्या मराठ्यांच्या वकिलांची पत्रे लोकांनी वाचली ती पारसनिसांमुळे. मासिक चालविणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, की पुढच्या महिन्याचा अंक रिकामा ठेवता येत नाही. पंडित कागद मिळेपर्यंत थांबेल. मासिककाराला कागद शोधीत वाड्यावाड्यांतून फिरावे लागते. पारसनीस तसे फिरले. सरदारांच्या घरी बसले, गोड बोलले, पेट्या उघडविल्या.

आणि हे गृहस्थ केवळ राजे व लढाया यांतच रमले नाहीत, हे मला विशेष वाटते. सातारा, महाबळेश्वर, पन्हाळा, सांगली संस्थान, गेल्या काळातील पुणे, अशा एकेका ठिकाणावर त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र पुस्तके लिहिली. महाबळेश्वरचे १९१६ मध्ये निघाले, पुण्याचे १९२१ मध्ये. गावाचा इतिहास हा थोर इतिहासाचा उरलासुरला चुरा नव्हे, ते एक वेगळे पक्वान्न आहे, हे त्यांना कळले होते. साताऱ्यातील त्यांच्या ‘हॅपी व्हेल’ या बंगल्यात पोथ्या, चित्रे, फर्माने आणि पत्रे यांचा केवढा तरी साठा झाला. सरकारने त्यासाठी साताऱ्यास संग्रहालयाची इमारत उभी केली आणि १९२५ साली तेथे तो संग्रह गेला. दुसऱ्याच वर्षी पारसनीस निवर्तले. १९३९ साली संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात आला, आणि तो आजही तेथे आहे.

तेथे या कागदांना दुसरा पत्रकारच भेटला, हा योग मोठा गमतीचा. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी पूर्वी ‘प्रगती’ साप्ताहिक चालविले होते. डेक्कन कॉलेजात मराठ्यांच्या इतिहासाचे काम करताना त्यांनी मेणवली दफ्तरातील नागपूरकरांविषयीची पत्रे निवडून दोन खंडांत संपादिली. पहिला १९५४ साली निघाला, दुसरा १९५९ साली. म्हणजे सिल्वाशाची मुक्ती आणि हेगचा खटला चालू होता त्याच काळात नानांच्या वाड्यातील कागद पुण्यात छापखान्यात जात होते. पारसनिसांनी पेटी उघडविली नसती, तर शेजवलकरांपुढे ती पत्रे आली असती का?

एवढे गुणगान झाल्यावर एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. त्या पिढीची मासिके कागद निवडून छापीत. वाचकाला गोडी वाटेल ती पत्रे आधी, रुक्ष हिशेब मागाहून किंवा मुळीच नाही. आता जुन्या दफ्तराची रीत तुम्हांस ठाऊक आहे. एका कामाचे कागद एका फडक्यात बांधीत, त्याला रुमाल म्हणत. रुमालातील कागद एकमेकांचे साक्षीदार असतात. तारखेवाचूनच्या चिठ्ठीची तारीख शेजारच्या यादीवरून लागते, आणि ‘चिरंजीव’ म्हणजे कोण, हे खालच्या हिशेबावरून कळते. चांगले पत्र म्हणून एकच उचलले, की साक्षीदार पांगतात. मग ते पत्र सुंदर राहते, पण कोणाचे आणि कोठचे हे सांगता येत नाही. कागद वाचविणे ही अर्धी सेवा. त्याचा ठावठिकाणा वाचविणे ही उरलेली अर्धी. आपल्या बडोद्याच्या नोकरीत आयुष्य घालवून रियासतकार सरदेसाई पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे वळले, आणि १९३० पासून पुढच्या थोड्याच वर्षांत त्यांनी निवडक कागदांचे ४५ भाग छापले. तेही निवडकच, परंतु मूळ रुमाल दफ्तरात जागच्या जागी राहिल्यामुळे आजचा अभ्यासक पुन्हा तेथे जाऊन शेजारचा कागद पाहू शकतो.

टोकरखाड्याच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. सिल्वाशाला पारसनीस हवा आहे. पण शेजारचा कागद न सोडणारा हवा आहे. तेथे काम थोडे नाही. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षे त्या मुलखाने स्वतःचा कारभार वरिष्ठ पंचायतीमार्फत चालविला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो रीतसर भारतात सामील झाला. त्या सात वर्षांच्या पावत्या, हुकूम, सभेची बोलावणी किती घरांतून पडली असतील! पोर्तुगीज अमदानीतील अलवारा पद्धतीच्या जमिनींचे कागद आहेत; ती पद्धत १९७१ च्या जमीनसुधारणा कायद्याने मोडली, आणि निकामी झालेला कागद माणूस सर्वांत आधी फेकतो. शाळेचे जुने दाखले आहेत, दुकानांच्या वह्या आहेत. शिवाय वारली, कोकणा, धोडिया ही तेथली मूळची माणसे. त्यांचा इतिहास कागदावर फारसा चढलाच नाही, आणि जो चढला तो जमीनदाराच्या आणि अंमलदाराच्या हातचा. त्यांच्या आजीबाईंकडून ऐकून लिहावयाचे, आणि लिहिताना कोणी सांगितले, कोणत्या पाड्यावर, कोणत्या दिवशी, हे मथळ्याशी टिपावयाचे. तोंडच्या इतिहासाचा रुमाल तो हाच. मी त्या मुलास वहीच्या पहिल्या पानावर घरातील सर्वांत वडील माणसाचे नाव, त्याचे मूळ गाव आणि टोकरखाड्यात येण्याचे साल लिहावयास सांगितले. त्याच्या आजोबांनी साल सांगितले, आजींनी ते दुरुस्त केले, आणि घटकाभर घरात मोठा वाद झाला. शेवटी आतून एक जुना दाखला निघाला आणि आजी जिंकल्या.

वाचकहो, हे सर्व तुम्हांस सांगण्याचे कारण उघड आहे. या शहरातील जुन्या मराठी घरांत माळ्यावर पेट्या आहेत. वाडे पडून तेथे सदनिका होत आहेत, आणि नव्या घरात माळा नसतो. मोडी वाचणारे आजोबा गेले, आणि ‘हे काय कामाचे?’ असे विचारणारे आपण उरलो. पेटी रद्दीवाल्यापुढे जाण्यापूर्वी एवढे करावे. फडके सोडू नये. सोडावेच लागले तर कागदांचा क्रम मोडू नये. वर एक चिठ्ठी लावावी, की कोणाच्या घरचे, कोणत्या गावचे, कोणाकडून आले. चांगले म्हणून एखादे मोहरेचे पत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याचा मोह आवरावा. त्याचे छायाचित्र लावावे आणि मूळ कागद जागेवर ठेवावा. मोडी वाचणारा मिळेपर्यंत पेटी वाळवीपासून आणि ओलीपासून जपावी. एखाद्या संस्थेस द्यावयाची झाल्यास यादी करून, पोच घेऊन, सबंध द्यावी.

त्यातील हिशेब तुम्हांस रुक्ष वाटेल. पेशव्यांच्या कारकुनालाही ‘सरंजाम’ हा शब्द लिहिताना काही विशेष वाटले नसेल.