थंडरबर्डमधली नको असलेली अॅड्रेस बुक

जालन्यात बियाणांच्या एका दुकानात मेल लावून द्यायला गेलो होतो. ‘टू’मध्ये दोन अक्षरं टाकली की एकाच डीलरचे चार पत्ते समोर, त्यातले तीन बंद पडलेले!

कारण साधं. थंडरबर्डमध्ये आपण ज्यांना मेल पाठवतो, त्यांचे पत्ते आपोआप ‘कलेक्टेड अॅड्रेसेस’मध्ये साठतात. चुकीचा पत्तासुद्धा. पुढे तोच सुचवला जातो, आणि हंगामाच्या गर्दीत दरपत्रक भलत्याकडे जातं.

हे बुक आणि ‘पर्सनल’ ही दोन मूळची. ती उडवता येत नाहीत, आतले पत्ते मात्र खुशाल काढा. शिवाय सेटिंग्जमधल्या ‘कंपोझिशन’मध्ये जाऊन आपोआप साठवण्याची खूण काढून टाका. माझ्या मते हे सगळ्यांनीच करावं.

जुनी इम्पोर्ट केलेली बुकं? नावावर राइट क्लिक, डिलीट. आधी एक्स्पोर्ट करून सीएसव्ही फाइल ठेवा, कारण बुकासोबत आतले सगळे पत्तेही जातात.

खरी गोम गूगलशी जोडलेल्या बुकात आहे. अख्खं बुक काढलं तर फक्त कॉम्प्युटरवरून जातं, गूगलवर पत्ते शाबूत राहतात. पण आतला एकेक पत्ता डिलीट केलात, तर तो गूगलवरूनही जातो आणि मग मोबाइलमधूनही. त्यामुळे असं बुक नको असेल तर आत हात घालू नका, सरळ बुकच काढा.

कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा. थंडरबर्डचं व्हर्जन तेवढं लिहा, जुन्यात मेनू वेगळे आहेत.