कुशिंग झालेल्या कुत्र्यावर घरीच ठेवा लक्ष

घरातला दहा वर्षांचा कुत्रा एकाएकी भरपूर पाणी पिऊ लागतो, रात्री लघवीसाठी उठवतो, सारखा खायला मागतो. पोट सुटते, अंगावरचे केस विरळ होतात. 'आता वय झाले' असे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात हा कुशिंग रोग असू शकतो.

अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवू लागल्याने हा रोग होतो. सुमारे ८० ते ८५ टक्के कुत्र्यांमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतील गाठ त्यास कारणीभूत असते. उरलेल्या बहुतेकांत अधिवृक्क ग्रंथीवरच गाठ आढळते.

उपचारासाठी ट्रायलोस्टेन हे औषध प्रामुख्याने वापरले जाते. ते जेवणासोबत द्यावे लागते. मात्रा ठरविण्यासाठी पशुवैद्यक सुरुवातीला काही आठवड्यांच्या आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने रक्त तपासतात. मधल्या काळात मात्र मालकाची नोंदवहीच उपयोगी पडते.

पहिली नोंद पाण्याची. सकाळी भांड्यात मोजून पाणी ठेवावे, मध्ये घातलेलेही मोजावे आणि २४ तासांनी उरलेले वजा करावे. दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने दिवसाला एक लिटरहून अधिक पाणी पिणे, हे अतितहानेचे लक्षण होय. उन्हाळा किंवा कोरडा आहार असल्यास तसे लिहून ठेवावे. भूक, लघवी, धाप आणि उत्साह यांचीही रोज नोंद करावी. महिन्यातून एकदा वजन करून छायाचित्र घ्यावे. औषध लागू पडल्यास तहान व भूक काही आठवड्यांत कमी होते. केस येण्यास मात्र काही महिने लागतात.

खरी कसोटी भुकेची. खादाडपणा कमी होणे ही सुधारणा. परंतु एरवी ताटलीवर तुटून पडणारा कुत्रा अन्नाला तोंडच लावत नसेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. उलट्या, जुलाब, थरथर किंवा गळून जाणे ही कॉर्टिसोल फार खाली गेल्याची लक्षणे असू शकतात आणि त्यातून जीवही जाऊ शकतो. अशा वेळी पुढची मात्रा देऊ नये व त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठावे. लक्षणे वाढली म्हणून मात्रा परस्पर वाढविणेही तितकेच घातक.

हा आजार बहुधा आयुष्यभराचा सोबती असतो. मात्रा थोडी अधिक झाली की थोडी कमी पडली, हे कुत्रा बोलून सांगू शकत नाही. ते सांगण्याचे काम रोज पाच मिनिटांची ही नोंद करते.