तुटलेले अ‍ॅल्युमिनिअम जोडताना

लोखंडाची सळई भट्टीत धरली की ती आधी मंद लाल, मग नारिंगी आणि शेवटी पिवळट दिसू लागते. लोहार या रंगावरूनच तापमान ओळखतो. अ‍ॅल्युमिनिअम मात्र असा कोणताही इशारा देत नाही. मोटारीच्या गिअरबॉक्सच्या कवचाचा, बोल्ट बसवण्याचा तुटलेला कान ज्योतीने तापवू लागलो, तर तो शेवटपर्यंत चंदेरीच राहतो आणि मग एकाएकी गळून पडतो. असे का व्हावे?

कोणतीही वस्तू डोळ्यांना दिसेल इतपत लाल होण्यास साधारण ५२५ अंश सेल्सिअसच्या पुढे जावे लागते. शुद्ध अ‍ॅल्युमिनिअमचा द्रवणांक ६६० अंश आहे. पण मोटारीचे भाग शुद्ध धातूचे नसतात. त्यांत बहुधा ५ ते १२ टक्के सिलिकॉन असते आणि असे संमिश्र ५७७ अंशांच्या आसपासच, तांबे वा मॅग्नेशिअम असेल तर त्याहूनही आधी, वितळू लागते. शिवाय जो पृष्ठभाग प्रकाश चांगला परावर्तित करतो तो उत्सर्जित मात्र कमी करतो, हे आपण भौतिकशास्त्रात शिकवतोच. त्यामुळे उरलीसुरली लालीही दिवसाउजेडी दिसत नाही.

द्रवणांक कमी, म्हणून काम सोपे, असे विद्यार्थ्यांना वाटते. वर्गात हे गणित अवश्य करून पाहावे. एक किलो अ‍ॅल्युमिनिअम खोलीच्या तापमानापासून पूर्ण वितळवायला सुमारे १००० किलोजूल उष्णता लागते, एक किलो लोखंडाला सुमारे १३००. फरक आहे, पण द्रवणांकांतल्या फरकाच्या मानाने फारच थोडा. कारण अ‍ॅल्युमिनिअमची विशिष्ट उष्मा धारकता आणि वितळणाचा अप्रकट उष्मा दोन्ही मोठे आहेत. त्यात हा धातू उष्णतेचा उत्तम वाहक. एका जागी दिलेली उष्णता क्षणात साऱ्या कवचात पसरते. म्हणूनच जाड भाग आधी १५० ते २०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखा तापवून घेतात.

पुढची अडचण पृष्ठभागावरच्या ऑक्साईडची. हवेत उघड्या पडलेल्या अ‍ॅल्युमिनिअमवर अ‍ॅल्युमिनाचा थर लगेच तयार होतो. तो असतो अवघा काही नॅनोमीटर जाडीचा, पण त्याचा द्रवणांक २००० अंशांच्याही वर. (माणिक आणि नीलम म्हणजे रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ, रंगापुरती थोडी भेसळ.) आतला धातू वितळला तरी वरची ही पिशवी तशीच राहते, आणि शेजारी शेजारी वितळलेले दोन थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. ऑक्साईड द्रव धातूहून जड असल्यामुळे पोलादावरच्या मळीसारखा तो वर तरंगूनही येत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे क्लोराईड व फ्लुओराईड क्षारांचा फ्लक्स. तो ऑक्साईड खातो खरा, पण जोडावर उरला तर पुढे धातूही खातो. दुसरा उपाय विजेच्या ठिणगीचा. टंगस्टनच्या अग्राभोवती निष्क्रिय वायू सोडून वेल्डिंग करण्याची पद्धत अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१ साली मॅग्नेशिअमसाठी विकसित केली. तेव्हा हेलिअम वापरत, आता बहुधा आर्गॉन. अ‍ॅल्युमिनिअमसाठी येथे प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात, आणि त्यातली युक्ती आम्हांला फार आवडते. ज्या अर्ध्या आवर्तनात वस्तू ऋण असते, तेव्हा तिच्या पृष्ठभागावरचा ऑक्साईड फुटून निघून जातो. पण त्या वेळी जास्त उष्णता टंगस्टनला मिळते. उरलेल्या अर्ध्यात ती वस्तूला मिळते आणि धातू वितळतो. एक अर्धा झाडू मारतो, दुसरा चूल पेटवतो, आणि ५० हर्ट्झच्या प्रवाहात ही पाळी सेकंदाला १०० वेळा बदलते.

पण कारागिराला सर्वांत जास्त छळतो तो हायड्रोजन. द्रव अ‍ॅल्युमिनिअममध्ये तो जितका विरघळतो, त्याच्या सुमारे विसावा हिस्साच घन अ‍ॅल्युमिनिअममध्ये मावतो. धातू गोठताना बाकीचा बाहेर पडू पाहतो आणि जागच्या जागी अडकून बुडबुडे होतात. हा हायड्रोजन येतो कोठून? ओलाव्यातून, आणि तेलातून. गिअरबॉक्सचे कवच वर्षानुवर्षे तेलात मुरलेले असते. भेगेत आणि ओतकामातल्या बारीक छिद्रांत तेल शिरलेले असते. वरून पुसून भागत नाही. भेग तिच्या तळापर्यंत कोरून काढावी लागते, कवच तापवावे लागते, वर आलेले तेल पुन्हा पुसावे लागते. निम्म्याहून अधिक वेळ यातच जातो आणि तो जायलाच हवा. मात्र तेल काढण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावक वापरू नये. ठिणगीच्या उष्णतेने व अतिनील किरणांनी त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. अ‍ॅसिटोन चालतो, पण तो पूर्ण उडून गेल्यावरच ठिणगी पाडावी.

गोठताना अ‍ॅल्युमिनिअम सुमारे ६ टक्के आकसते आणि अर्धवट गोठलेला जोड या ताणाने फाटू शकतो. भर घालण्याच्या तारेत ५ किंवा १२ टक्के सिलिकॉन असते ते यासाठीच: असा द्रव शेवटपर्यंत पातळ राहून फटी भरत जातो. भेगेच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाडतात, म्हणजे तीक्ष्ण टोकाशी एकवटणारा ताण पसरतो व भेग पुढे धावत नाही.

एवढे करून जोड नीट झाला, तरी मूळची ताकद परत येतेच असे नाही. अनेक ओतीव भाग ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवलेले आणि मग १५० ते १६० अंशांवर काही तास ठेवलेले असतात. त्यात मॅग्नेशिअम व सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन धातू कणखर होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचे हे कण मोठे व विरळ होतात आणि धातू तिथे मऊ पडतो. तेल धरून ठेवणाऱ्या कवचाला हे चालून जाते. चाक किंवा स्टिअरिंगचा भाग असेल तर त्याच मऊ पट्ट्यावर प्रत्येक खड्ड्याचा धक्का बसतो. असे भाग जोडू नयेत, बदलावेत, मग जोड वरून कितीही देखणा दिसो.

जोड पाजरतो का, हे पाहण्याची एक स्वस्त पद्धत शाळेतही दाखवता येते. कवच पूर्ण थंड झाल्यावर जोडाच्या एका बाजूला खडूची भुकटी पाण्यात कालवून लावा व वाळू द्या. दुसऱ्या बाजूला रॉकेल फासा. अर्ध्या तासात पांढऱ्या खडूवर ओली काळसर रेघ उमटली, तर भेग आरपार आहे. तिथले धातूकाम पुन्हा कोरून काढायचे.