पोत्याला पडलेले भोक

मंठ्याच्या बाजारात तुरीचे पोते सोडले की आपण मूठभर दाणे हातावर घेतो आणि त्यांना भोके आहेत काय ते पाहतो. ती भोके भुंग्याची. पोत्यालाही भोके असतात. ती आमच्या हमालांच्या लोखंडी हुकाची. या दोहोंचा संबंध आज आम्हास सांगावयाचा आहे.

किडलेली तूर दिसली म्हणजे आपण गोदामाला बोल लावतो. वास्तविक कीड पुष्कळदा शेतातूनच येते. भुंग्याची मादी शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरून तेथेच पोसते, आणि पुढे साठवणीत पिढ्यांमागून पिढ्या वाढतात. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ सालच्या पाहणीप्रमाणे देशात कडधान्यांची काढणीपासून साठवणीपर्यंतची नासाडी शेकडा ६.३६ ते ८.४१ होती. म्हणजे शंभर पोत्यांतील सहा ते आठ पोती वाया. त्यांच्यासाठी केलेली पेरणी, खुरपणी आणि मळणी मात्र पुरी झालेली असते.

हे दुखणे साऱ्या जगाचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ साली ठरविले, की विकसनशील देशांतील काढणीनंतरची नासाडी १९८५ पर्यंत निम्म्यावर आणावी. मुदत सरली, नासाडी राहिली. २०१९ साली जागतिक अन्न व शेती संघटनेने सांगितले, की किमतीच्या हिशेबाने जगातील सुमारे १४ टक्के अन्न दुकानात पोचण्यापूर्वीच नष्ट होते.

मग काहीच साधले नाही काय? तसे नव्हे. मध्य अमेरिकेत १९८३ पासून स्वित्झर्लंडच्या मदतीने गावोगावच्या कारागिरांना पत्र्याच्या कोठ्या बनविण्यास शिकविले गेले. आफ्रिकेतील कॅमेरून देशात अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाने चवळीसाठी तीनपदरी पिशवी तयार केली. आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेले पोते. तोंड घट्ट आवळले की आतले किडेच उरलासुरला प्राणवायू संपवितात; मग त्यांचे खाणे थांबते आणि ते मरतात. औषध नको, धुरी नको.

आपल्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तोंड लिंपलेल्या पेवातही हवा अशीच कोंडत असे. म्हणून तर पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे.

या पिशवीच्या अटी दोनच. धान्य खडखडीत वाळलेले हवे, नाहीतर आत बुरशी धरते. आणि पिशवीला भोक नको. एका भोकातून हवा शिरली, की भुंगा पुन्हा जगला.

आता आमचा हमाल पाहा. “हूक लावू नका,” असे त्याला सांगणे सोपे आहे. आम्ही तरुणपणी स्वतः हूक चालविला आहे. क्विंटलाचे पोते नुसत्या बोटांनी धरवत नाही, म्हणून हूक हातात येतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुष कामगाराच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोच्या वर असेल तर ती लवकरात लवकर तेथवर आणावी. पन्नास किलोचे पोते दोघांना हुकाशिवाय सहज उचलता येते. जे पोते पाठीला सोसते, त्यातच धान्यही टिकते.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. उद्या देणेकरी दारात उभा राहणार असेल, तर उत्तम पिशवी असूनही तो तूर आजच विकील. त्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज मिळते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या हवामान अनुकूल कृषी प्रकल्पात जालना जिल्ह्याचा समावेश झाला, आणि त्यात शेतकरी गटांच्या गोदामांनाही साहाय्य होते.

आमची मागणी एवढीच, की असे गोदाम आखताना शेतकरी आणि अभियंता यांच्याबरोबर हमालालाही बैठकीस बोलवावे. पोती किती किलोची असावीत, थप्पी किती उंच लावावी आणि एका पाळीला किती माणसे लागतील, हे त्याला विचारावे. ज्याच्या पाठीवरून धान्य जाते, त्याला ते कोठे सांडते हे ठाऊक असते.