रात्र निळी का दिसते? चित्राचा मूड आणि मोजके रंग

मागच्या भागात आपण लेयर कसे रचायचे ते पाहिलं. आज रंगांकडे वळू. पण आधी माझ्या एका फसलेल्या चित्राची गोष्ट सांगतो, कारण आजचा धडा मी त्यातूनच शिकलो.

काही वर्षांपूर्वी मी टॅबलेटवर एक चित्र काढलं. उंचावरच्या चौकीतली रात्र. आत दोन माणसं, मध्ये बुखारी, म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी, आणि लहानशा खिडकीतून दिसणारा बर्फ. दोघांपैकी एक मी, दुसरा माझा कोर्समेट. त्याच हिवाळ्यात तो हिमस्खलनात गेला. त्या रात्रीचा एकही फोटो नाही, म्हणून वहिनींसाठी मी ते चित्र काढलं होतं. त्या चेन्नईला आमच्या घरी आल्या तेव्हा दाखवलं. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाल्या, "चेहरा अगदी त्यांचाच आहे, भाऊजी. पण दोघं सहलीला गेल्यासारखे दिसताय."

रेषा बरोबर होती, चूक रंगांत होती. खिडकीत गडद निळं आकाश, अंगावर लालभडक जाकिटं, बुखारीचा शेंदरी उजेड, हिरवीगार ब्लँकेटं. एकेक रंग सुटा पाहिला तर ठीक होता, पण सगळे एकदम ओरडत होते. परेडवर प्रत्येक जवान स्वतःच हुकूम देऊ लागला तर जे होईल, तेच माझ्या चित्रात झालं होतं.

आता मुद्द्यावर येतो. कोणत्याही ड्रॉइंग ॲपमध्ये रंग निवडताना तीन पट्ट्या दिसतात. पहिली ह्यू: रंग कुठला, लाल की निळा. दुसरी सॅच्युरेशन: रंग किती भडक किंवा किती मातकट. तिसरी ब्राइटनेस: किती उजळ किंवा किती काळपट. नवखा माणूस सगळं लक्ष पहिल्या पट्टीवर देतो. मूड मात्र बराचसा दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीवर ठरतो. तोच निळा उजळ आणि भडक ठेवला तर पतंगाचं आकाश होतो, काळपट आणि मातकट केला तर पावसाळी संध्याकाळ होतो.

हे मला खरं तर तरुणपणीच कळायला हवं होतं. इथे परंगीमलैला, म्हणजे सेंट थॉमस माउंटजवळ, ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे. 1963 मध्ये ती ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल म्हणून सुरू झाली. आमचं प्रशिक्षण तिथलं. रात्रीच्या सरावात नकाशा पाहायला टॉर्चवर लाल काच लावायची, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. पहिल्या रात्री मी नकाशा उघडला आणि शत्रूच्या जागा दाखवणाऱ्या लाल खुणा गायब! कागदही लाल उजेडात लाल, खुणाही लाल. निळ्या खुणा मात्र काळ्या होऊन ठळक दिसत होत्या.

त्या रात्रीचा धडा असा: वस्तूचा रंग एकटा ठरत नाही, तो उजेड ठरवतो. म्हणून चित्र रंगवताना पहिला प्रश्न "जाकीट कुठल्या रंगाचं?" हा नसावा. "उजेड कुठला, कुठून आणि किती?" हा असावा.

आता रात्रीचा निळा रंग. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेला सूर्याचाच प्रकाश, त्यात निळं खास काही नसतं. फरक आपल्या डोळ्यांत आहे. भरपूर उजेडात शंकुपेशी काम करतात, त्या रंग ओळखतात. उजेड कमी झाला की दंडपेशी पुढे येतात. त्यांना रंगांतला फरक कळत नाही, लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ जाणवतच नाही, पण निळसर-हिरवट प्रकाश त्या चांगला टिपतात. म्हणून तिन्हीसांजेला अंगणातलं लाल जास्वंद काळं पडतं आणि त्याची पानं त्यामानाने उजळ राहतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, त्याचंच नाव या परिणामाला मिळालं. चित्रकार रात्र निळसर, मातकट आणि लाल रंगाशिवाय रंगवतात, त्यामागे हे कारण आहे. माझी लालभडक जाकिटं दिवसाची होती, रात्रीची नव्हती.

दुसरा धडा चांदोबाचा. माझ्या वयाच्या मराठी वाचकांनी चांदोबा वाचलेला असतोच, पण तो आमच्या या मद्रासहून निघायचा हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक सुरू केलं, मराठी चांदोबा 1952 मध्ये आला. विक्रम-वेताळाची चित्रं काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, मद्रासच्या सरकारी कलाशाळेत शिकलेले. जवळजवळ साठ वर्षं त्यांनी या मासिकासाठी चित्रं काढली. 2020 मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

विक्रम-वेताळाच्या कथेची रचना आठवा. सुरुवात स्मशानात, रात्री. खांद्यावर प्रेत, हातात तलवार. मग वेताळ गोष्ट सांगू लागतो आणि आपण राजवाड्यात, बाजारात, दिवसाउजेडी जातो. शेवटी राजा बोलतो, वेताळ निसटतो आणि पुन्हा स्मशान. ही कथा आज तुम्हाला टॅबलेटवर रंगवायची असेल तर दोन पॅलेट करा. स्मशानासाठी काळपट निळा, राखाडी, हाडांचा पिवळट पांढरा, बस. आतल्या गोष्टीसाठी हळदी, तांबूस, पोपटी असे उबदार आणि उजळ रंग. मग मजकूर न वाचताही मुलाला कळेल की आपण आता कुठे आहोत. दोन्ही ठिकाणी सगळे रंग वापरले तर स्मशानाची भीतीही जाईल आणि राजवाड्याची झळाळीही.

आता माझं चित्र मी कसं दुरुस्त केलं ते क्रमाने सांगतो. क्रिटा हे मोफत ॲप आहे, त्यात हे सगळं करता येतं.

पहिली पायरी: सगळ्यात वर एक लेयर घेतला, तो पूर्ण काळा भरला आणि त्याचा ब्लेंडिंग मोड "कलर" केला. चित्र लगेच काळं-पांढरं दिसतं. त्यात माझं आकाश, भिंत आणि चेहरे जवळजवळ सारख्याच उजेडाचे निघाले. म्हणून भिंतीचा ब्राइटनेस 20 च्या आसपास आणला, बुखारीकडच्या गालांचा 70 पर्यंत नेला.

दुसरी पायरी: एकच रंग मुख्य ठेवला, बुखारीचा शेंदरी. त्याचं सॅच्युरेशन 80, बाकी सगळ्यांचं 25 च्या खाली. जाकिटं तपकिरी-काळी झाली.

तिसरी पायरी: खिडकीतल्या बर्फाला निळा न देता साधा राखाडी दिला. शेंदरी रंगाशेजारी राखाडी आपोआप निळसर भासतो. शेजारच्या रंगाने रंग कसा बदललेला दिसतो, हे फ्रान्समधल्या शेव्हरूल या रसायनतज्ज्ञाने 1839 मध्येच पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. ते कापडाच्या रंगाईच्या कारखान्यात काम करत, त्यांचा हा रोजचा अनुभव.

चौथी पायरी: उबेचं वर्तुळ लहान केलं. आधी उजेड सगळ्या खोलीभर होता. आता तो दोन चेहरे आणि चार हातांपुरता उरला. त्याच्या बाहेर अंधार.

चित्रात नवीन रेष एकही काढली नाही. वहिनींना ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. चित्र छान आहे वगैरे काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्या रात्री खूप गारठा होता का हो?" मग मी त्यांना ती रात्र पहिल्यांदा नीट सांगितली.

आता गृहपाठ. चेन्नईत असाल तर बेझंट नगरच्या किनाऱ्यावर जा, दुसरीकडे असाल तर घरासमोरचं झाड किंवा गल्लीतली रिक्षा चालेल. एकाच वस्तूचे तीन फोटो काढा: सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, सूर्य वर आल्यावर लगेच आणि भर दुपारी. प्रत्येक फोटोतून कलर पिकरने फक्त पाच रंग उचला आणि शेजारी शेजारी ठेवा. तुमची पहिली तीन पॅलेट तयार. मग एकच रेखाचित्र तिन्हींत रंगवा आणि घरातल्या कुणाला तरी दाखवा. "चांगलं आहे का?" असं विचारू नका. "इथे किती वाजले असतील?" असं विचारा. उत्तर बरोबर आलं, तर तुमचे रंग कामाला लागले.

पुढच्या भागात सावल्यांबद्दल बोलू. नमस्कार.