म्हशीची हुबेहूब म्हैस

बसा बाळांनो, आज कर्नालच्या म्हशीची गोष्ट सांगतो, पण त्याआधी मला सांगा, आपल्या शिवारातला ऊस कधी कुणी बी पेरून लावलेला पाहिलाय? कांडी पुरायची, डोळा फुटतो आणि वर येतो तो थेट त्याच वाणाचा ऊस. केळीचंही तसंच, बुंध्याजवळचा मुनवा काढून लावला की आईसारखीच दुसरी केळ उभी. शास्त्रज्ञ ज्याला क्लोन म्हणतात तो हाच. जनावरांना मात्र निसर्गानं ही मुभा दिली नाही. तिथं आई हवी, बाप हवा आणि पोटी काय येईल ते कुणाच्या हाती नाही.

आणि तरी स्कॉटलंडात रोझलिन इथं, जुलै १९९६ मध्ये, बापाशिवाय एक कोकरू जन्मलं! इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सोबत्यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसरीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकलं, दोन्ही विजेच्या झटक्यानं एकजीव केली आणि तो गर्भ तिसरीच्या पोटात वाढवला. पोसणारी आई काळ्या तोंडाची आणि कोकरू पांढऱ्या तोंडाचं, म्हणजे हे तिचं नव्हे हे बघताक्षणीच कळलं. तीच ती डॉली.

मग हरियाणात कर्नालला, राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत, म्हशीवर हेच करून पाहिलं. महागड्या यंत्राऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्यानं, हातानंच केंद्रक कापून. फेब्रुवारी २००९ मध्ये समरूपा नावाची पारडी जन्मली आणि काही दिवसांतच गेली. जूनमध्ये गरिमा झाली, ती दोनेक वर्षं जगली. पण पुढच्या वर्षी जन्मलेली दुसरी गरिमा मोठी झाली, गाभण राहिली आणि जानेवारी २०१३ मध्ये चारचौघींसारखी व्याली. तिच्या पारडीचं नाव महिमा.

मला या विद्येचं मोठं अप्रूप आहे. चांगल्या रेड्यांची वानवा असलेल्या देशात उत्तम रेड्याचे चार क्लोन मिळाले, तर गरिबाच्या गोठ्यातही दूध वाढेल. पण डॉलीसाठी २७७ अंड्यांत पेशी जोडल्या, त्यांतून २९ गर्भ तयार झाले आणि जगलं एकच कोकरू, हे विसरून चालणार नाही. कित्येक मुक्या आयांची कूस त्यात रिकामी राहिली, म्हणून नुसत्या हौसेसाठी हा खेळ मांडणं मला पाप वाटतं. आणि सगळी खिल्लारं एकाच रक्ताची झाली तर? ग्रो मिशेल नावाची केळी जगभर विकली जायची, सगळी एकाच वाणाची, म्हणून पनामा रोग आला तेव्हा मळेच्या मळे बसले.

तेव्हा पोरांनो, उद्या क्लोन केलेल्या मुऱ्हा रेड्याचं वीर्य गावात आलं तर खुशाल वापरा, पण खांद्यामागं लांब शिंगं टाकणारी आपली पंढरपुरी आणि विदर्भाचं ऊन सोसणारी नागपुरी, यांचा वंश बुडू देऊ नका.