कसाऱ्याला दुसऱ्यांदा जाताना

श्रावणातल्या रविवारी पहाटेच्या कसारा लोकलमध्ये पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी आणि काखेत तिपाई घेतलेली मंडळी हमखास भेटतात. कोणाची मसजिद बंदरला किराण्याची पेढी असते, कोणी झवेरी बाजारात वह्या लिहितो, कोणी शाळेत शिकवतो. सहा दिवस मालाची पारख करणारी नजर सातव्या दिवशी उजेडाची पारख करायला निघते. आसनगाव मागे पडले, माहुलीचे सुळके ढगांतून डोकावू लागले की गप्पा आपोआप थांबतात. मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरवर लोकलचा प्रवास संपतो आणि समोर सह्याद्री उभा राहतो.

हा छंद मुंबईला नवा नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी वैद्यकीच्या जोडीने उत्तम छायाचित्रण करीत. लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचला आणि १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून इगतपुरीला गेला. हौशी छायाचित्रकारांना पुढे १९३७ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’चे हक्काचे घर मुंबईतच मिळाले.

कसाऱ्याचे पहिले आकर्षण म्हणजे हा घाट. इथे दर ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. धुक्यातून वळण घेत चढणारी गाडी टिपण्याचा मोह मोठा असतो. परंतु रुळांवर उतरणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. अनुभवी मंडळी दूरच्या टेकाडावर थांबतात आणि लांब पल्ल्याचे भिंग लावतात.

तिथून विहीगावचा धबधबा जवळ. ‘अशोका’ या चित्रपटामुळे तो त्याच नावाने ओळखला जातो. पाण्याचा रेशमी पदर हवा असेल तर शटर अर्धा सेकंद तरी उघडे ठेवावे लागते. तिपाईविना ते जमत नाही. शुभ्र पाणी जरा जास्त उजेडात जळून जाते, म्हणून उजेड थोडा कमी राखावा. घरी परतल्यावर कॅमेरा पिशवीत कोंडून ठेवू नये. दमटपणाने भिंगावर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

याच ऋतूत साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी राहतात, कारण पावलोपावली जीव उगवलेला असतो. छायाचित्रकार मात्र नेमका आत्ताच बाहेर पडतो. त्याने जयणेचे भान ठेवले नाही तर चित्र महाग पडते. घरट्यासमोरचे एक पान बाजूला केले तरी पिल्ले शिकाऱ्याच्या नजरेस पडतात. स्पर्धांच्या निसर्ग विभागात तर चित्रात नसलेले काही घालता येत नाही आणि असलेले पुसताही येत नाही. व्यापाऱ्याच्या वहीसारखाच हा नियम आहे.

क्लबची खरी परीक्षा पुढच्या बैठकीत होते. दिवे मंद होतात, चित्रे एकेक करून पडद्यावर येतात, करणाऱ्याचे नाव झाकलेले असते. क्षितिज कलले आहे, कोपऱ्यात नको ती फांदी आली आहे, अशी टीका निमूटपणे ऐकावी लागते. मग भाताच्या आवणीत वाकलेल्या स्त्रीचे चित्र येते. हिरवा चिखल, पाठीवर पावसाची झोड; सभागृह दाद देते. अशा वेळी जाणता परीक्षक रचनेविषयी बोलून झाल्यावर हळूच विचारतो, “या बाईंना विचारले होते का? चित्र त्यांच्या हाती पोहोचले का?” बहुधा उत्तर येत नाही. टिपलेला चेहरा ही उधारी आहे आणि ती फेडल्याखेरीज खाते बंद होत नाही, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ही उधारी चेहऱ्यापुरतीच नाही. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. मात्र तीव्र उतार आणि कातळ यांमुळे डोंगरावर पडलेले पाणी इथे टिकत नाही. धबधब्याच्या देशातली अनेक गावे आणि पाडे मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. विहिरीभोवती हंड्यांची रांग लागते. श्रावणातले हिरवे चित्र खोटे नसते, पण ते अर्धे असते.

म्हणून कसाऱ्याला दुसऱ्यांदा जावे, आणि तेही उन्हाळ्यात. गर्दी नसते, धुके नसते, पारितोषिकाची आशाही फारशी नसते. पिशवीत श्रावणातल्या चित्राची छापील प्रत असावी. बांधावर विचारत गेले की घर सापडते. प्रत हाती पडली की घरची माणसे आधी चित्राकडे आणि मग आणणाऱ्याकडे पाहतात. त्यानंतर पुढे आलेल्या तांब्यातले पाणी पिताना ते किती लांबून आले असेल, हे विचारावेसे वाटले, तर छंद सार्थकी लागला असे समजावे.